जागच्या जागी मडकी

आज सकाळी माझा चष्मा माझ्याच कपाळावर सापडला, आणि आमच्या नातीने दुपारच्या आत ही बातमी साऱ्या आळीत पोचवली. मला त्याचं काही वाटत नाही. म्हातारपणी विसरायला लागलेल्या माणसाला लाज वाटत असेल. मी तरुणपणापासूनच विसरत आलो आहे, त्यामुळे माझं म्हातारपण नेमकं कधी सुरू झालं हे घरच्यांना कळलंसुद्धा नाही. पण आमच्या मायच्या बियाण्याच्या खोलीत दारामागे काय होतं, असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: काठाला टवका गेलेलं गाडगं, आणि त्यात दोडक्याचं बी. ती खोली मी एकदा माझ्या या हातांनी उधळून लावली, म्हणून ती मला पाठ आहे. त्या वेळची हकिकत लिहून टाकतो, नाहीतर तीही चष्म्याच्या वाटेने जायची.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकला होता आणि म्हणून आमच्या कापसाला भाव चढला होता, असं आमचा बा सांगायचा. त्याला ते अकोल्याच्या अडत्याने सांगितलेलं. अडत्याला कुणी सांगितलं ते बाने विचारलं नाही. भाव चांगला असला की माणूस फार खोलात जात नाही. अमरावतीच्या परकोटाबाहेर आमचं घर, घरामागे विहीर, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाल्याची वाडी आणि पलीकडे काळ्या मातीचं शेत. शेत तर सारं कपाशीखाली गेलंच होतं, पण वेचणी सुरू झाली की घरही कपाशीखाली जायचं. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवाच्या कोनाड्यापर्यंत कापूस. पाय ठेवायला जागा नसायची, पण पडायला कुठेही हरकत नव्हती. वरणात तंतू, भाकरीत तंतू, आणि सकाळी उठल्यावर सारं घर एका सुरात शिंकायचं. दिवसभर एकीकडे मोटेचं चाक करकरायचं, दुसरीकडे सरकी काढायची चरकी किरकिरायची, आणि मध्येच दादाच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ गणपत, त्याने त्या साली बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. सारजावहिनीच्या पायात मात्र लग्नातल्याच झिजलेल्या तोरड्या. या एका गोष्टीवरून त्यांच्या खोलीतून जे काही ऐकू यायचं, त्याने बैलही कान पाडून उभे राहत.

वाडी मायची होती. कागदावर नाही, पण सारे तसंच म्हणायचे. ती अंजनगावची लेक. लग्नात तिच्या बापाने पदरात वांग्याचं बी बांधून दिलं होतं. त्या वांग्याचं भरीत म्हणजे काय सांगू? हातभर लांब, बी कमी, साल अशी पातळ की निखाऱ्यावर ठेवल्याबरोबर गळून पडे. वर कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. परकोटाच्या आतली मोठमोठी माणसं आमच्या वाडीवर निरोप पाठवायची. पण कापसाच्या भावापुढे वांग्याची काय कथा! संक्रांत झाली, तिळाचे लाडू संपले, आणि एका दुपारी जेवताना बाने वाडीतही कपाशी घालायचा विषय काढला.

"यंदा वाडीतबी पऱ्हाटीच लावू म्हनतो."

माय भाकर थापत होती. थाप थांबली नाही. "आन् खासान काय? बोंडं?"

"इकत घेऊ. पैसा हाय ना आता."

"सारेच पऱ्हाटी लावून राह्यले. इकनारा कुठून आनसान?"

दादा माझ्याकडे पाहून हसला. बाला ते हसू बोचलं. तो म्हणाला, "हे पाय, आमी अकोल्याले गाड्या घेऊन चाल्लो. वापस येऊन वाडीत तुहे वाफे दिसले, तं वाडी तुही. नाई दिसले तं नांगर घालतो. मंग कुरकुर नाई पायजे."

"दिसतीन," माय म्हणाली, आणि भाकर तव्यावर टाकली. झाला करार. आम्हा दोघा भावांखेरीज कुणी साक्षीला नव्हतं, पण आमच्या घरात भाकरीसमोर बोललेला शब्द कुणी फिरवत नसे.

आता माझं सांगतो. मिसरूड फुटलं होतं, अंगात ताकद होती, फक्त डोक्याला बूड नव्हतं. मला बाजारात पाठवताना माय माझ्या उपरण्याला गाठी मारून द्यायची: ही मिठाची, ही हिंगाची, ही वहिनीच्या कुंकवाची. मी बाजारात पोचायचो, गाठी तर घट्ट असायच्या, पण कोणती गाठ कशाची हे घरीच राहिलेलं असायचं. भर पेठेत उपरण्याकडे पाहत उभ्या असलेल्या मला पाहून वाणी ओरडायचा, "दौलत, सोड सोड! सुटली की आठवन!" एकदा तर मी बैलगाडी घेऊन बाजारात गेलो आणि चालत घरी आलो. दारात बाने विचारलं, "बैल कुठी?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मला ब्राह्मीचा रस पाजून झाला, डोक्याला तेल थापून झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर शेपटाकडून दूध काढलेल्या गाईचं तूपही चाटवलं. गाईला राग आला, एवढाच गुण.

एक मात्र झालं होतं. इतकं विसरल्यामुळे, विसरल्यावर काय करायचं यात मी तरबेज झालो होतो. उगाच कपाळ बडवायचं नाही. जिथे विचार मनात आला होता तिथे पायांनी परत जायचं. बाजारातून उलट चालत यायचं, वडाखाली यायचं, ओट्यावर यायचं, त्याच जागी तसंच बसायचं. बहुतेक वेळा ती गोष्ट माझी वाट पाहत तिथेच बसलेली असे. आजही मी तेच करतो. नात म्हणते, आबा घरभर मागे मागे का चालतात!

मायला यातलं काहीच लागत नसे. तिच्या बियाण्याच्या खोलीत जमिनीपासून छपरापर्यंत मडकी आणि गाडगी होती. बी राखेत घालून, वर कडुनिंबाचा पाला टाकून, तोंडं शेणमातीने लिंपलेली. एकावरही खूण नाही. मी तिला एकदा विचारलं की तुला हे सारं लक्षात कसं राहतं, तर ती हसली. ती लक्षात ठेवतच नसे. ती ठेवून देत असे. मडकं ठेवताना मोठ्याने बोलायची, जणू पाहुण्यांना बसायला जागा दाखवते आहे. "दोडक्या, तू दारामागं; वेलावर लपतो तसा इथीबी लप. मिरचीबाई, तुमी चुलीच्या भितीले, दोघीबी तापट. भेंडी खिडकीत, तिले रस्त्यावरचं पायाची हौस." मधोमध जातं. पहाटे जात्यावर बसली की या साऱ्यांच्या घोळक्यात बसल्यासारखी दिसायची.

बा आणि दादा गाड्या घेऊन अकोल्याला गेले, आणि त्याच आठवड्यात माय भाच्याच्या बारशाला अंजनगावला गेली. जाताना बा मला सांगून गेला होता, "शेवटच्या वेच्याच्या कापसाले जागा कर." झालं. मला कुणी काम सांगत नसे. सांगितलं आणि ते लक्षातही राहिलं, म्हटल्यावर माझ्या उत्साहाला पारावार उरला नाही. साऱ्या घरात रिकामी म्हणावी अशी एकच खोली, बियाण्याची. मी सगळी मडकी उचलली, गोठ्यावरच्या माळ्यावर नेली आणि काय देखणी मांडली! मोठी मागे, लहान पुढे, अगदी उतरत्या रांगेत. तुळशीच्या लग्नात वऱ्हाडी बसतात तशी. मग खोलीत जात्यासकट छपरापर्यंत कापूस दाबून भरला. वहिनी मायला मामी म्हणे. ती एकदा म्हणाली, "भाऊजी, मामीले इचारून तरी करा." मी म्हणालो, "माय खुश होईन, पायजा."

माय आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिच्या भावाने सारा मळा कपाशीखाली घातला होता. बापाच्या वांग्याचं बी आता अंजनगावात कुणाकडेच उरलं नव्हतं. "आता हाय ते आपल्याच घरी," ती वहिनीला म्हणाली, आणि पाय धुऊन सरळ बियाण्याच्या खोलीकडे गेली. दार उघडलं. कापूस भसकन पायावर आला.

"मडके कुठी हायेत?"

"माळ्यावर! चाल, दाखवतो. कशी रांग लावली पाय."

ती शिडी चढून वर आली. रांगेकडे पाहत राहिली. मग वाकून एक गाडगं उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. त्या वेळचा तिचा चेहरा मी ओळखला. आरशात कधी पाहिला नव्हता, पण तो माझाच चेहरा होता: भर पेठेत उपरण्याची गाठ हातात धरून उभा राहिलेला. आमची माय, जिला गावातल्या प्रत्येक गाईचं वासरू कोणतं ते ठाऊक असायचं, ती मडकं हातात घेऊन म्हणाली, "दौल्या, यात काय हाय रे?"

मला वाटलं मला विचारते आहे. मी म्हणालो, "बी." वहिनीने माझ्या पाठीत धपाटा घातला.

तुम्ही म्हणाल, फोडून पाहायचं. पाहिलं. दोन-चार फोडली, त्यांतली भेंडी, दुधी, गवार ओळखू आली. पण वांग्याचं बी म्हणजे वांग्याचं बी. भरताचं कोणतं, रश्श्याचं काटेरी कोणतं, कोणतं जुनं झालेलं, आणि गोड मिरची कोणती, जाळणारी कोणती, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. शिवाय तोंड उघडलं की दमट हवा शिरते, कीड शिरते. सगळीच फोडून चालणार नव्हती. मी म्हणालो, सारंच थोडं थोडं लावून पाहू, फळ धरलं की कळेल. माय म्हणाली, "फय धरेलोक मोसम जाईन. आन् इहीर तेवढं पानी देत नाई." आणि गाड्या कोणत्याही दिवशी परत येणार होत्या.

वहिनी मदतीला धावली. "मामी, आठवा बरं! नीट आठवा! लांबोयक्या मडक्यात काय होतं?" जितकं ती आठवा म्हणायची तितकी माय गोंधळायची. सकाळी म्हणायची मिरची, दुपारी म्हणायची कोथिंबीर, संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा विहिरीवरच विसरून आली. "म्हातारी झाली मी," ती म्हणाली. "घालू द्या नांगर." ते ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. घरात विसरण्याची जागा माझी होती. ती तिने घेतली तर मी कुठे जाणार?

आणि मग मला कळलं की तिला विसरता येत नाही! म्हणजे, कधी विसरलीच नव्हती, म्हणून विसरल्यावर काय करायचं ते तिला ठाऊकच नव्हतं. ती माळ्यावर बसून कपाळ चोळत होती. माळ्यावर काय आठवणार? माळ्यावर तिने काही ठेवलंच नव्हतं.

मी बियाण्याच्या खोलीतला कापूस उपसायला घेतला. दाबून भरलेला कापूस बाहेर काढला की तिप्पट होतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. ओसरी भरली, अंगण भरलं, वहिनीची खोली भरली. वहिनी ओरडत होती, "मह्या बिछान्यावर नका टाकू वो! निजू कुठी मी?" कोंबड्या कापसात घुसून अंडी घालायला लागल्या. शेवटी जातं दिसलं. मी जमीन झाडली, मायचा हात धरून तिला आणलं आणि म्हणालो, "बस. दळ."

"काय दळू? डोकं?"

"जवारी दळ. आन् आठवू नको काई."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यावर ब्राह्मीचा उलटा परिणाम झाला आहे. पण बसली. खुंटा धरला. जातं घरघरलं. आधी नुसतीच दळत होती, मग सवयीने डोळे मिटले, मग सवयीनेच गुणगुणायला लागली. पायली अर्धी झाली असेल. एकदम, डोळे न उघडता, डावा हात दाराकडे गेला. "तिथी दोडका. काठाले टवका हाय. तूच उडवला होता, इटीदांडूच्या इटीनं."

मी धावत माळ्यावर गेलो. टवक्याचं गाडगं आणून दारामागे ठेवलं. ती दळतच होती. "चुलीच्या भितीले मिरची. मडकं धुरानं कायं झालं. त्याच्या बाजूले गोड मिरची, बुडाले तिरपं, एका अंगाले झोपते." मी चढतोय, उतरतोय, वहिनी खालून मडकी झेलते आहे. प्रत्येक मडकं जागेवर बसलं की मायच्या तोंडून शेजारच्याचं नाव निघायचं, एकाचा हात धरून दुसरा आल्यासारखं. खिडकी भरली, कोनाडा भरला. उरली फक्त दोन मडकी, वांग्याचीच. एकाच कुंभाराची, एकाच दिवशी घेतलेली, जुळ्या भावांसारखी. एक शिंक्यात असायचं, एक त्याच्याखाली. मायने दोन्ही मांडीवर घेतली, हुंगली, हातावर तोलली. "वर मह्या बाबाचं होतं," ती म्हणाली. "पन वरचं कोनतं, हे नाई समजत." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी एक मडकं शिंक्यात ठेवून पाहावं म्हणून उंबऱ्याशी उभा राहिलो, हात वर केला, आणि समोर ओटा दिसला. तोच ओटा. मला असं वाटलं की कुणी माझा कान पिरगळला. दिवाळीनंतरची गोष्ट. मी आणि वहिनी ओट्यावर कवड्यांचा पट खेळत होतो आणि मी सपाटून हरत होतो. आत माय मडकी लिंपत होती. पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठलो, वहिनीची पिवळी ठिपक्यांची कवडी माझ्या मुठीत होती, आणि मायची पाठ वळताच ती मी उघड्या मडक्यात टाकली. कवडी नाही म्हणून डाव मोडला. मडकं उचलून शिंक्यात ठेवताना माय जे बोलली तेही मला शब्दाशब्दाने आठवलं: "तुमी वर बसा बाबा, माहेर उंचच बरं." वहिनीने कवडीचा आळ उंदरावर घेतला होता आणि त्यापायी घरात एक मांजर आणलं होतं. ते मांजर या क्षणी कापसात लोळत होतं.

मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या हातात केरसुणी होती. मी मायकडे पाहिलं. मग म्हणालो, "ज्या मडक्यात कवडी निघन, ते तुह्या बाबाचं."

"कवडी?" वहिनी म्हणाली. "कोनती कवडी?"

मायने पहिल्या मडक्याचं तोंड फोडलं. राख आणि बी. दुसऱ्याचं फोडलं, हात घातला, आणि राखेने माखलेली पिवळी कवडी वर आली. माय हसू लागली. ती अशी हसली की तिला खुंट्याला धरून बसावं लागलं. वहिनी हसली नाही. "म्हंजे मी त्या मांजराले दोन महिने दूध पाजून राह्यली, आन् उंदीर इथी उभा हाय!" पुढे केरसुणीचं काय झालं ते मला स्पष्ट आठवतं, पण लिहीत नाही.

बा आणि दादा आले तेव्हा वाफ्यांना पाणी देऊन झालं होतं. बाने आधी अंगणातला कापूस पाहिला, मग कापसातल्या कोंबड्या पाहिल्या, मग मला पाहिलं. "काय करून ठेवलं बे हे?" माय म्हणाली, "आदी वाडीत जाऊन या." तो गेला. बराच वेळ आला नाही. परत आला, पाय धुतले, पाटावर बसला आणि म्हणाला, "भाकर हाय का?" वाडीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. उन्हाळ्यात पहिलं भरीत झालं तेव्हा त्याने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढे ती लढाई संपली म्हणे, आणि कापसाचा भाव जसा चढला तसा उतरला. त्या साली वाडी होती म्हणून चूल पेटत राहिली. बैलांच्या शेंब्या मोडून वहिनीच्या तोरड्या झाल्या. बैलांना त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही.

माय जाऊन फार वर्षं झाली. ती खोली तशीच आहे, मडकीही जागच्या जागी आहेत; ठेवताना मी मोठ्याने बोलतो आणि नात तोंडाला पदर लावते. मला आजही बाजाराची यादी लक्षात राहायला हवी असली तर मी मनातल्या मनात त्या खोलीत जातो. मीठ दारामागे, हिंग चुलीच्या भिंतीला, चष्म्याची काडी खिडकीत. फक्त चष्मा तेवढा शिंक्यात ठेवायला हवा होता.

सारजावहिनी आता फार थकली. मला कधी आपला भाऊ समजते, कधी पाटलांचा गडी. मुलांची नावंही येत नाहीत तिला. मुलं काकुळतीने विचारतात, "आई, ओळखलं का? आठव ना," आणि ती घाबरून पदर चाळवते. परवा मी तिला हात धरून ओट्यावर आणली. तीच जागा, समोर बियाण्याच्या खोलीचं दार. पट अंथरला आणि काही न बोलता तिच्या तळहातावर ती पिवळी कवडी ठेवली. ती अंगठ्याने तिच्यावरचे ठिपके चाचपत राहिली. चाचपता चाचपता तिचे डोळे शिंक्याकडे गेले, मग माझ्या बंद मुठीकडे.

"मूठ उघडा भाऊजी," ती म्हणाली. "चाल मही हाये."